तीन चुकीची उत्तरं

माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे चुकीची उत्तरं तयार करणं. शिष्यवृत्ती परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांत बुद्धिमत्ता चाचणीचा जो विभाग असतो, त्यातल्या आकृत्या मी काढते आणि आता बरेचसे प्रश्नही मीच रचते. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. एक बरोबर, तीन चूक. बरोबर आकृती नियमानंच ठरलेली असते, तिथे आपलं डोकं चालवायला फारशी जागा नसते. डोकं लागतं ते उरलेल्या तिघींना.

या कामात मी डीटीपीच्या वाटेनं आले. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या एका बोळात आमचं छोटंसं ऑफिस होतं. मराठी टायपिंग येतं आणि कोरलड्रॉ येतं, एवढ्या भांडवलावर मला नोकरी मिळाली. तिथे आकृत्यांचं काम कोणालाच नको असे. पैसे पानामागे मिळायचे. मजकुराचं पान तासाभरात हातावेगळं होतं, आकृत्यांच्या एका पानात अर्धा दिवस जातो. नवी म्हणून ती पानं माझ्याकडे आली आणि माझ्याकडेच राहिली.

प्रश्न रचून आणायचे ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले एक शिक्षक. आम्ही सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो. फुलस्केप कागदावर पेन्सिलीनं काढलेल्या त्यांच्या आकृत्या मी कॉम्प्युटरवर चढवायची. २०१६-१७ मध्ये शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला गेली. पुस्तकं नव्यानं बांधायची वेळ आली, सरांच्या एकट्याच्या हाताला ते काम आवरेना आणि त्यांनी ‘समसंबंध’ हा घटक माझ्यापुढे सरकवला. “तू रच, मी तपासतो,” म्हणाले.

समसंबंधाचा प्रश्न दिसायला सोपा असतो. पहिल्या आकृतीचं दुसऱ्या आकृतीशी जे नातं आहे, तेच तिसरीचं चौथीशी असायला हवं; चौथी ओळखा. नुसतं फिरवणं किंवा नुसतं लहान-मोठं करणं असेल, तर पाचवीचं मूल बघता बघता सोडवतं. फिरवणं आणि लहान-मोठं करणं एकाच प्रश्नात आलं, की हुशार मुलंही अडखळतात. ती का अडखळतात, हे मला चुकीचे पर्याय रचता रचता कळत गेलं.

एक प्रश्न शब्दांतच मांडते. पहिली आकृती: मोठी उभी काठी, तिच्या वरच्या टोकाला उजवीकडे त्रिकोणी झेंडा. दुसरी आकृती: तोच झेंडा, पण लहान झालेला आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं पाव फेरा फिरलेला. म्हणजे काठी आडवी, वरचं टोक आता उजवीकडे, आणि त्रिकोण काठीखाली लोंबतोय. तिसरी आकृती: मोठी उभी काठी, हिच्या खालच्या टोकाला डावीकडे अर्धवर्तुळ. चौथी कशी असेल? लहान आडवी काठी, डाव्या टोकापाशी वरच्या अंगाला अर्धवर्तुळ.

आता चुकीचे पर्याय. मी काहीतरी इकडचं तिकडे करून तीन आकृत्या सरांपुढे ठेवल्या, तर ते एकेकीवर पेन्सिल टेकवून विचारायचे, “हा पर्याय कोण निवडणार, ते सांग.” मी गप्प राहिले की त्यावर फुली. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक चुकीच्या पर्यायाला त्याचं मूल असलं पाहिजे. ज्या पर्यायाकडे कुठलंच मूल विचार करून जाणार नाही, तो नुसता जागा अडवतो.

या कसोटीनं वरच्या प्रश्नाकडे पाहिलं की पर्याय आपोआप सुचायला लागतात. काठी योग्य तऱ्हेनं फिरलेली, अर्धवर्तुळही जागच्या जागी, पण आकृती मोठीच राहिलेली: हा पर्याय ज्याला फिरणं दिसलं आणि तिथेच ज्याचं समाधान झालं, त्या मुलाचा. लहान आकृती, अर्धवर्तुळ उजव्या टोकाशी आणि खाली: इथे दोन मुलं येतात. एकानं काठी उलट दिशेला फिरवली. दुसऱ्यानं काहीच फिरवलं नाही, दुसऱ्या आकृतीत त्रिकोण जिथे होता तिथेच अर्धवर्तुळ नेऊन बसवलं. तिसरा पर्याय मला सगळ्यात आवडतो. लहान आकृती, अर्धवर्तुळ डाव्या टोकाशी हे बरोबर, पण ते वर असायच्या ऐवजी खाली. हे मूल अर्ध्या वाटेपर्यंत नीट चाललं, खालचं टोक डावीकडे येतं हे त्यानं शोधलं आणि शेवटच्या क्षणी दुसऱ्या आकृतीतलं ‘खाली लोंबणं’ उचललं.

सरांनी हा संच पाहिला आणि पुन्हा नापसंतीनं मान हलवली. चारांतल्या तीन आकृत्या लहान आहेत, तिघींचं चिन्ह डाव्या टोकाशी आहे. वर्षभर सराव केलेलं मूल वरच्या तीन आकृत्यांकडे न बघताच बहुमत घेतं: लहान असणार, डावीकडे असणार. राहिले दोन पर्याय, त्यांतला एक नशिबावर. त्यावर तोड म्हणजे दोन लहान, दोन मोठ्या आकृत्या ठेवायच्या. दोघींचा फेरा बरोबर, दोघींचा चूक. मग पर्यायांकडे बघून काहीच कळत नाही, प्रश्नाकडे परत जावं लागतं. त्यापायी माझ्या आवडत्या पर्यायाला दुसऱ्या प्रश्नात घर शोधावं लागलं.

कुठली आकृती फिरवायची, याचंही एक शास्त्र आहे. चौरस पाव फेरा फिरवला, तर फिरवल्याचं दिसतच नाही. अधिकच्या चिन्हाचंही तेच. समभुज त्रिकोण एक तृतीयांश फेऱ्यानंतर पुन्हा तसाच उभा राहतो आणि वर्तुळाला तर फिरण्याचं सुखदुःख नाहीच. झेड या इंग्रजी अक्षराची गंमत आणखी वेगळी. ते पाव फेरा डावीकडे फिरवा की उजवीकडे, दिसतं एकच. तिथे दिशा चुकलेल्या मुलासाठी ठेवलेला पर्याय आणि बरोबर उत्तर, दोन्ही तंतोतंत एकसारखे निघतात. म्हणून अशा आकृतीच्या एका कोपऱ्यात ठिपका तरी हवा किंवा एक बाजू रंगवलेली तरी.

याहून अवघड सापळा असतो तो पहिल्या जोडीत. समजा, पहिला मोठा बाण वर टोक करून उभा आहे आणि दुसरा लहान बाण खाली टोक करून. काय झालं? अर्धा फेरा फिरला, असं एक मूल म्हणेल. पाण्यातली प्रतिमा आहे, असं दुसरं म्हणेल. बाणाच्या दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे दोघंही खरं बोलताहेत. आता तिसऱ्या जागी वर उजवीकडे त्रिकोण असलेला आपला झेंडा ठेवा. अर्ध्या फेऱ्यानं त्रिकोण खाली डावीकडे जातो, पाण्यातल्या प्रतिमेत तो खाली उजवीकडे राहतो. एका प्रश्नाला दोन उत्तरं झाली आणि दोन्हींचा युक्तिवाद पक्का. आठवीच्या परीक्षेत काही प्रश्नांना मुद्दाम दोन अचूक पर्याय असत आणि ते दोन्ही नोंदवावे लागत. ती गोष्ट वेगळी. पाचवीच्या पुस्तकात असा प्रश्न गेला, तर शिक्षकांचे फोन थांबत नाहीत. यावर उपाय एकच: पहिल्या जोडीतली आकृती अशी हवी, की तिला दुसरा कुठलाही खुलासा लागू पडता कामा नये. पहिल्या जागी सुरेख, डौलदार बाणापेक्षा ओबडधोबड झेंडा मला जास्त उपयोगी पडतो तो याचसाठी.

पुढे एका लेखात वाचलं, की हाच पेच संगणकालाही पडला होता. अमेरिकेत एमआयटीमध्ये मार्व्हिन मिन्स्की यांच्याकडे शिकणाऱ्या टॉमस एव्हान्स यांनी अशाच भौमितिक समसंबंधांचे प्रश्न सोडवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. त्यावरचा त्यांचा प्रबंध १९६३ चा. प्रोग्रॅमचं नाव ‘अ‍ॅनालॉजी’. आकृतीतले भाग वेगळे करायचे, कोण आत, कोण वर, कोण डावीकडे याची नोंद करायची, पहिलीतला भाग दुसरीत जाताना किती फिरला, किती पट झाला, उलटला का, हे शोधायचं आणि त्याचे नियम बनवायचे. नियम एकाहून जास्त निघायचे. मग त्यांतला जो तिसऱ्या आकृतीला आणि एखाद्या पर्यायाला कमीत कमी काटछाट करून लागू पडेल, तो निवडायचा. फिरणं, आकार बदलणं आणि उलटणं या तिन्हींच्या नोंदी तिथे सुट्या ठेवलेल्या होत्या. सर पेन्सिलीनं जे करत होते, त्याचीच ही रीतसर मांडणी आहे, असं मला वाचताना वाटत राहिलं.

यंत्राचा विषय निघालाच आहे, तर माझ्या यंत्राबद्दलही सांगते. कोरलड्रॉमध्ये कोनाच्या चौकटीत ९० लिहिलं, की आकृती घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध दिशेनं फिरते. काट्याच्या दिशेनं हवी असेल तर उणे ९० लिहायचं. मुलांना शिकवताना सगळी भाषा घड्याळाची आणि इथे सगळं गणिताच्या वहीतलं. माऊसनं फिरवताना कंट्रोल दाबून धरलं, की आकृती १५ अंशांच्या टप्प्यांनी फिरते, त्यामुळे ४५ आणि ९० बरोबर सापडतात. पण खरी दक्षता लागते ती लहान करताना. रेषेची जाडी आकृतीबरोबर बदलायची की नाही, याचा एक पर्याय असतो. तो चालू नसेल, तर आकृती लहान होते आणि रेषा होती तेवढीच राहते. छापल्यावर लहान आकृती ठळक दिसते. मुलाला वाटतं, रेषा जाड होणं हाही नियमाचाच भाग आहे.

तिरक्या रेषांनी भरलेल्या आकृत्यांचं दुखणं दुहेरी. आकृती फिरली तर आतल्या तिरक्या रेषाही फिरायला हव्यात. भरण आहे तसंच ठेवलं, तर बाहेरची आकृती एक नियम पाळते आणि आतलं भरण दुसरा. शिवाय ही पुस्तकं स्वस्त कागदावर छापली जातात. लहान आकृतीतल्या बारीक रेषा शाईत एकमेकींना चिकटतात आणि रेषांच्या जागी काळा डाग उमटतो. आता मुलापुढे फिरणं, लहान होणं आणि रंग बदलणं असे तीन बदल आले. तिसरा छापखान्यानं घातलेला. म्हणून लहान आकृतीत मी रेषा कमी करते, पण आकृतीच्या मानानं त्यांचा कल मोजून तोच ठेवते.

किती लहान करायचं हाही प्रश्नच असतो. बाजू निम्मी केली की क्षेत्रफळ पाव होतं, त्यामुळे निम्मी आकृती कागदावर निम्म्याहून बरीच लहान भासते. फारच थोडी लहान केली, तर फरक छपाईचा की नियमाचा, हे कळत नाही. फरक दिसलाच पाहिजे, त्यावरून कोडं घालायचं नसतं. कोडं या बदलाचं काय करायचं, याचं असतं.

आधी फिरवायचं की आधी लहान करायचं? सरांनी मला हे एकदा परीक्षा घेतल्यासारखं विचारलं होतं. आकृती सगळ्या बाजूंनी सारखीच लहान होत असेल, तर क्रमानं काही बिघडत नाही. दोन्ही वाटांनी एकाच ठिकाणी पोचतो. एकाच बाजूनं ताणली, तर मात्र बिघडतं. चौरस आडवा ताणा आणि मग पाव फेरा फिरवा, उभा आयत मिळतो. तोच चौरस आधी फिरवा आणि मग आडवा ताणा, आयत आडवा. पाचवीच्या पुस्तकात ताणलेल्या आकृत्या मी घेत नाही. पण क्रमाची ही मुभा मुलांना सांगायला हवी, असं मला फार वाटतं. दोन बदल एकाच वेळी डोळ्यांपुढे करून बघण्याची सक्ती नाही. एक पुरता करा, मग दुसरा.

मुलांना प्रत्यक्ष सोडवताना पाहायला सरांनीच मला नेलं. जुन्नर तालुक्यातल्या शाळांत शिष्यवृत्तीची मार्गदर्शन शिबिरं व्हायची, तिथे ते शिकवायला जात. मी मागच्या भिंतीशी बसून मुलांच्या हातांकडे बघायची. बहुतेकांची पहिली युक्ती म्हणजे प्रश्नपत्रिकाच फिरवणं. युक्ती वाईट नाही. कागद काट्याच्या दिशेनं पाव फेरा फिरवला, की तिसरी आकृती उत्तरासारखी उभी राहते. पण कागदाबरोबर पर्यायही फिरलेले असतात! मग ती आकृती डोक्यात धरून कागद पूर्ववत करायचा आणि तेवढ्यात ती निसटते. काही मुलं यातून वाट काढतात. तिसरी आकृती कच्च्या कागदावर उतरवतात, तोच कागद फिरवतात आणि पर्यायांशेजारी नेऊन ठेवतात. लहान-मोठं होणं मात्र कुठलाही कागद फिरवून सापडत नाही, ते शब्दांतच पकडावं लागतं.

शब्दांत पकडणारी मुलं तिथे ओळखू यायची. पहिल्या बाकावरच्या एका पोराला सरांनी विचारलं, “काय काय झालंय याला?”

“आडवा पाडलाय, सर. आन् बारका केलाय.”

“कुठल्या अंगावर पाडलाय?”

“डोकं उजवीकडं आलंय. झेंडा पोटाखाली गेलाय.”

“आता या दुसऱ्याला पाड तसाच.”

पोरानं हवेत हात आडवा केला. “याचं अर्धं गोल पायाशी हाय. पाय डावीकडं जाणार. गोल वर येणार. आन् बारकं.” मग त्यानं पर्याय पाहिले. तोवर त्यानं पर्यायांवर नजरही टाकली नव्हती, आणि शेजारची मुलगी मात्र चारही आकृत्या एकमेकींशी ताडून बघण्यात गुंतली होती.

परीक्षेत वेळ कमी पडतो, असं पालक फार सांगतात. पाचवीच्या दुसऱ्या पेपरमध्ये इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्तेचे ५० असे ७५ प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असत, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. या हिशेबाकडे पाहताना मला रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांचा १९७१ मधला प्रयोग आठवतो. ठोकळ्यांच्या दोन चित्रांतला ठोकळा एकच आहे का, हे त्यांनी मोठ्या माणसांना विचारलं. चित्रांतला कोन जितका जास्त, तितका उत्तराला उशीर, अगदी सरळ रेषेत. मनातल्या मनात फिरवण्याचा वेग सेकंदाला साधारण ६० अंश निघाला. आपल्या मुलांसाठी हा आकडा जसाच्या तसा घेता येणार नाही, पण अंदाज येतो. पाव फेऱ्याला दीड सेकंद. मुलं निम्म्या वेगानं फिरवत असतील असं धरलं, तरी तीन सेकंद. मग ७२ सेकंद जातात कुठे?

मला वाटतं, ते जातात काय फिरवायचं आणि त्याखेरीज आणखी काय झालं आहे, हे ठरवण्यात. १९८० मध्ये मुलहॉलंड, पेलेग्रिनो आणि ग्लेझर यांनी भौमितिक समसंबंधांवरच अभ्यास केला होता. आकृतीतले भाग वाढले की वेळ वाढतो, बदल वाढले की वेळ वाढतो. पण दोन्ही एकदम वाढले, की वेळ त्यांच्या बेरजेहूनही जास्त वाढतो. शिबिरात मी पाहिलं त्याला हे जुळतं. एक बदल मुलाला दिसतो. दुसरा शोधायला जावं, तर पहिला हातचा सुटतो. तो परत धरायला गेलं, की दुसरा सुटतो. शेवटी चारांतली त्यातल्या त्यात ओळखीची वाटणारी आकृती ते निवडतं. पहिल्या बाकावरच्या पोराकडे काही अचाट दृष्टी नव्हती. त्यानं प्रत्येक बदलाला एकेक वाक्य दिलं होतं, आणि बोललेलं वाक्य डोक्यातल्या चित्रासारखं निसटत नाही.

डोळ्याला एक फरक सापडला की तो समाधानी होतो. दोन बदलांच्या कोड्याचा खरा उपयोग, माझ्या मते, त्याला तिथे थांबू न देण्यात आहे. अशा शंभर प्रश्नांचा सराव करून मूल ‘बुद्धिमान’ होतं, यावर माझा विश्वास नाही. सरावानं प्रश्नाचा साचा ओळखीचा होतो आणि गुण वाढतात, इतकंच. पण ‘आणखी काय बदललं?’ हे स्वतःला विचारायची सवय लागली, तर ती पुस्तकाबाहेरही उपयोगी पडेल.

सर आता प्रश्न रचत नाहीत. त्यांच्या जागी बसल्यावर मी प्रकाशकांकडे एका बदलाचा आग्रह धरला. पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची असते: प्रश्नाचा क्रमांक, पुढे बरोबर पर्यायाचा क्रमांक. समसंबंधांपुरती तरी, तीन चुकीच्या पर्यायांपुढे एकेक ओळ द्यावी, असं मी म्हटलं. ‘आकार पाहिला नाही.’ ‘दिशा उलटी घेतली.’ ‘दुसऱ्या आकृतीतली जागा जशीच्या तशी घेतली.’ पानं वाढतील, किंमत वाढेल, हे ठरलेलं उत्तर आलं. बरीच घासाघीस होऊन अक्षर लहान करून ते बसवलं.

आता शिबिरांतले शिक्षक ती यादी वापरतात. गुण देताना तिन्ही चुकांना सारखंच शून्य मिळतं आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवरून याहून जास्त काही कळायचं कारणही नाही. वर्गात मात्र त्या शून्यांमागे तीन वेगळी मुलं बसलेली असतात. एकाला ‘आणखी काय झालं?’ एवढंच विचारायचं असतं, दुसऱ्याला घड्याळ दाखवायचं असतं आणि तिसऱ्याला उत्तरं झाकून फक्त वरच्या तीन आकृत्यांबद्दल बोलायला लावायचं असतं. कोणाला काय हवं आहे, ते त्यानं निवडलेला पर्यायच सांगतो. अर्थात, पर्याय रचताना त्या मुलाचा विचार कोणीतरी केलेला असेल तर.